हवेबरोबर येणारं पाणी

दहा मीटर एअर रायफलच्या नेमबाजाला हवा लागते ती साधारण २०० बारची, म्हणजे भोवतालच्या हवेच्या दोनशेपट दाबाची. मोठ्या रेंजवर हवा भरायची सोय असते. घरीच भिंतीवर लक्ष्य लावून सराव करणाऱ्यांसाठी मात्र बारा व्होल्टवर चालणारा, एका हाताने उचलता येईल असा छोटा कॉम्प्रेसर हाच आधार असतो. तो बिघडला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : एवढंसं मशीन, एवढा दाब, टिकणार कसं? या निदानाने नुकसान होतं, कारण दाबाची काळजी मशीनने स्वतःच घेतलेली असते. ठरलेल्या आकड्याला मोटर बंद होते. ती बंद झाली नाही, तर सुरक्षेची पातळ चकती फुटते आणि हवा बाहेर जाते. पाण्याची काळजी घेणारं मात्र आत कोणी नसतं. ती चालवणाऱ्यानेच घ्यायची असते आणि तिथेच ती राहून जाते.

पाणी किती, याचा हिशेब कागदावर करता येतो. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असतं. रायफलचा २०० सीसीचा रिकामा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायला बाहेरची सुमारे ४० लिटर हवा ओढावी लागते. तिच्यासोबत जवळजवळ एक ग्रॅम पाणी आत येतं. हवा दाबून तिची जागा कमी करता येते, पण त्या जागेत बाष्प मावण्याची मर्यादा तापमानावर ठरते, दाब वाढवल्याने ती विशेष वाढत नाही. ३० अंशांवर २०० सीसीमध्ये जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम बाष्प राहू शकतं. उरलेल्या सगळ्याचं पाणी होणार, हे अटळ आहे. पुण्याच्या थंडीतल्या कोरड्या सकाळी, १५ अंश आणि ४० टक्के आर्द्रतेला, हाच आकडा एक-पंचमांशावर येतो. म्हणजे देखभालीचं वेळापत्रक पुस्तिकेत छापलेल्या तासांवरून ठरवून भागत नाही. ते ऋतूवर आणि गावावर ठरतं. रत्नागिरीचा जुलै आणि पुण्याचा जानेवारी यांना एकच नियम लावणारा माणूस दोन्हीकडे चुकतो.

हे पाणी आत काय करतं ते पाहण्यासारखं आहे. मशीनमध्ये पिस्टन दोन असतात. पहिला जाड, तो हवा पंधरा-वीस बारपर्यंत नेतो. दुसरा बोटाएवढा बारीक, तो तिथून पुढचं सगळं काम करतो. या बारीक पिस्टनच्या रिंगा आणि त्याच्यापुढचा एकेरी व्हॉल्व्ह, म्हणजे एक छोटी स्प्रिंग आणि तिच्याखालची बैठक, हा मशीनचा सर्वात नाजूक भाग. पाणी इथे पोचलं की भिंतीवरचा तेलाचा पातळ थर धुऊन नेतं. रिंग कोरडी घासते, झिजते, हवा बाजूने निसटू लागते. मग तेवढीच हवा भरायला मशीन जास्त वेळ चालतं, जास्त तापतं, आणि तापल्यामुळे रिंग आणखी वेगाने झिजते. दुसरीकडे व्हॉल्व्हच्या बैठकीवर गंजाचा एक बारीकसा ठिपका पडला तरी झडप पुरती बसत नाही. या अवस्थेला आलेलं मशीन १०० बारच्या आसपास अडकतं, आणि मालक म्हणतो, दाब झेपला नाही. मात्र झिजेची खबर ब्लीडचा, म्हणजे आत साठलेलं पाणी आणि हवा बाहेर सोडायचा, स्क्रू आधीपासून देत असतो. तो उघडल्यावर जे उडतं ते पांढऱ्या कागदावर घ्यावं. स्वच्छ थेंब म्हणजे नुसतं पाणी. दुधी थेंब म्हणजे पाण्यात तेल घुसळलं गेलं आहे. करडा किंवा काळपट डाग म्हणजे रिंगेची झीज नाहीतर जळलेलं तेल. तांबूस कण दिसले तर गंज सुरू झाला आहे, आणि मग मशीन उघडायला पर्याय नाही.

उघडण्यापूर्वी मात्र पुरावा हवा. उत्साहाने खोललेला हेड परत बसवताना ओ-रिंग चिमटली जाते आणि नसलेला लीक तयार होतो. सर्वात विश्वासू पुरावा घड्याळाचा. तोच सिलिंडर १०० वरून १५० बारला आणि १५० वरून २०० ला जायला किती वेळ लागतो, हे मशीन नवीन असतानाच लिहून ठेवावं. खालचा टप्पा पूर्वीसारखा आणि वरचाच लांबला, तर संशय बारीक पिस्टनवर. दोन्ही लांबले तर आधी हवा आत येण्याच्या जाळीकडे पाहावं, ती धुळीने बुजलेली असते. जाळी काढून तिथे हलकेच अंगठा धरला आणि आत ओढ लागण्याबरोबर बाहेरही फुंकर येत असली, तर पहिल्या, जाड पिस्टनची झडप बसत नाही. ओढ चांगली आहे, दाब चढत नाही आणि क्रँकच्या पेटीतून सुस्कारा ऐकू येतो, तर रिंगा गेल्या. सांध्यांसाठी साबणाचं पाणी पुरतं. मोटर बंद केल्यावर गेजचा काटा खाली येतो म्हणून लगेच लीक समजू नये. ६० अंशांना तापलेली हवा ३० अंशांवर आली की २०० बारचे १८२ बार होतात, आणि त्यात जराही हवा सुटलेली नसते. निवण्यामुळे उतरणारा काटा हळूहळू मंदावतो आणि थांबतो. लीकमुळे उतरणारा थांबत नाही. काटा पाच मिनिटं नुसता पाहिला तर निम्मी दुरुस्ती वाचते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो बिनबुडाचा नाही. हवा आत येते तिथेच सिलिका जेलची बाटली लावली की पाण्याचा प्रश्न संपला, असं म्हणतात. बाटलीचा उपयोग आहे, कोकणात तर जरूर आहे. पण ५० ग्रॅम जेल दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढं, म्हणजे बारा-तेरा ग्रॅम पाणी धरतं. ग्रॅमाला एक रिकामा सिलिंडर धरला तर बारा-तेरा भरण्यांत ते संपतं, आणि हवा वेगाने जात असेल तर त्याआधीच. रंग बदललेले मणी गरम करून वाळवले नाहीत तर ती बाटली नुसती शोभेची. शिवाय मण्यांचा चुरा आत गेला तर पाण्यापेक्षा वाईट, म्हणून बाटली आणि मशीन यांच्यामध्ये जाळी हवीच. बाहेर पडणाऱ्या हवेवरच्या कापसाच्या फिल्टरबद्दलही गैरसमज आहे. कापूस थेंब अडवतो, बाष्प अडवत नाही. फिल्टरपाशी हवा ३० ऐवजी ९० अंशांची असेल तर तेवढ्याच जागेत सुमारे चौदापट बाष्प मावतं. ते कापसातून आरपार जाऊन पुढे रायफलमध्ये थंड झाल्यावर पाणी बनतं. मशीनला विश्रांती द्या असं सांगतात ते मोटर जळू नये म्हणून, असा समज आहे. माझ्या मते पाणी योग्य ठिकाणी गळावं हे त्याचं तितकंच मोठं कारण आहे. थोडं थोडं भरणं, मध्ये थांबणं आणि दर काही मिनिटांनी ब्लीड उघडणं हे नुसत्या कापसाच्या फिल्टरपेक्षा जास्त काम करतं.

मशीन तापण्यामागे कधी साधी वायरही असते. २० अँपिअर खेचणारी मोटर तीन मीटरच्या बारीक, दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर चालवली तर जाता-येता सुमारे दीड व्होल्ट वायरीतच जातो. मोटर सुस्तावते, भरणं लांबतं. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी. तेलाबाबत कंजुषी नको आणि कल्पकताही नको. हवा एका झटक्यात सतरापट दाबाला नेली आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर हिशेबाने ती ४०० अंशांपर्यंत जाते. प्रत्यक्षात भिंती बरीच उष्णता ओढून घेतात, तरीही साधं मशीन ऑईल किंवा गंज काढायचा फवारा तिथे पेटू शकतो. पुस्तिकेत सांगितलेलं कॉम्प्रेसर तेलच वापरावं. ओ-रिंगांना सिलिकॉन ग्रीस लावावं, तेही बोटाला लागेल न लागेल इतकंच. काम संपल्यावर ब्लीड उघडा ठेवून मशीन दोन मिनिटं रिकामं चालवलं की आतला ओलावा त्याच उष्णतेने निघून जातो. फुटलेल्या चकतीच्या जागी जाड चकती घालणं हा मात्र गुन्हाच समजावा.

शेवटचा आक्षेप पैशांचा : एवढ्याशा मशीनमागे इतका वेळ घालवण्यापेक्षा ते वापरावं आणि टाकून नवं घ्यावं. कॉम्प्रेसर एकटाच असता तर हे पटलं असतं. पण तो जे पाणी सोडतो ते रायफलच्या रेग्युलेटरमध्ये आणि सिलिंडरच्या आत जातं, जिथे डोळा पोचत नाही. आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम, २०१६ मधली सिलिंडरची व्याख्याच ५०० मिलिलिटरच्या वरून सुरू होते. त्यामुळे २०० सीसीच्या सिलिंडरची चाचणी केली का, हे विचारायला कोणी येत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांतही सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी खेळाडूवरच टाकलेली आहे. ती मुदत ज्यावरून कळते ती तारीख सिलिंडरवरच कोरलेली असते. कॉम्प्रेसरची नळी जोडण्याआधी ती वाचावी. मुदत संपली असेल, किंवा दमट हवा वर्षभर तशीच भरली गेली असेल, तर तो सिलिंडर नळीला न लावता आधी निर्मात्याच्या अधिकृत दुरुस्ती केंद्राकडे तपासणीला पाठवावा.