खोपा बांधतो तरी कोण?

दोस्तांनो, पक्षी पाहायचे म्हणजे कर्नाळ्याच्या अभयारण्यातच जायला हवं का? मुळीच नाही! तुम्ही पेणला राहत असा की रोह्याला, सकाळी लवकर उठा आणि गावाबाहेरचा शेताचा बांध गाठा. सोबत वही-पेन्सिल घ्या. दुर्बीण नसली तरी अडत नाही. महिना मात्र श्रावण-भाद्रपदाचा हवा. का ते पुढे कळेलच.

पेणच्या पश्चिमेला धरमतरच्या खाडीकडे खारेपाट पसरला आहे. बांध घालून खाडीचं पाणी अडवायचं आणि आतल्या जमिनीत भात लावायचा, ही इथली जुनी शेती. बांधावरून हळू चाला, बोलू नका. तारेवर दुभंगलेल्या शेपटीचा काळाकुट्ट कोतवाल दिसेल. पाण्याकाठी निळा खंड्या मासोळीवर डोळा ठेवून बसलेला असेल. ढोकरी तर चिखलात अशी गप्प उभी असते, की पांढरेशुभ्र पंख पसरून ती उडाली म्हणजेच कळतं, अरेच्चा, इथे पक्षी होता! आणि टिटवी? ती तुमची वर्दी आधीच साऱ्या शिवाराला देऊन मोकळी!

आता शिंदीच्या किंवा बाभळीच्या झाडाकडे पाहा. फांद्यांना उलट्या सुरईसारखे खोपे लटकताहेत ना? हे सुगरणीचे खोपे. बहिणाबाईंची कविता तुम्हाला ठाऊक असेलच. पण गंमत अशी, की नाव सुगरण असलं तरी खोपा विणतो नर! विणीच्या दिवसांत त्याच्या डोक्यावर पिवळीधमक टोपी येते. मादी साधी, चिमणीसारखी. भाताच्या पातीच्या, माडाच्या झावळीच्या लांब पट्ट्या सोलून तो आणतो. एका खोप्यासाठी त्याच्या शेकडो फेऱ्या होतात. खोपा अर्धा झाला, की मादी तपासणीला येते. नापसंत? मग नराची मेहनत वाया! पसंत पडला तर ती आत राहते, नर खालची नळी पुरी करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा विणायला घेतो.

हे सगळं नीट उलगडलं ते आपल्याच जिल्ह्यात! १९३० साली डॉ. सालिम अली बर्लिनहून परतले, तेव्हा त्यांच्या हाती नोकरी नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथल्या सुगरणींच्या वसाहतीसमोर त्यांनी तासन्‌तास बसून टिपणं काढली आणि १९३१ मध्ये ती प्रसिद्ध केली. मोठी यंत्रं नव्हती, होता तो धीर. खोप्यात उजेडासाठी काजवे चिकटवतात, असं लोक म्हणतात. पण आत सापडतात ते ओल्या मातीचे गोळे. ऐकलेलं आणि पाहिलेलं यात एवढा फरक!

मात्र एक सांगायचंय. शोभेसाठी खोपे तोडून घरी नेऊ नका. आत अंडी किंवा पिल्लं असू शकतात, आणि सुगरणींनी सोडलेल्या खोप्यांत कधीकधी मुनिया बिऱ्हाड करतात. बांधाचीही तीच गोष्ट. बांध फुटून खारं पाणी आत शिरलं, की शेतकऱ्याचं भात जातं आणि सुगरणीची पातही जाते. दोघांचं घर एकाच बांधावर उभं आहे.

पालकहो, तुम्हीही मुलांबरोबर जा. गवतात साप असतात, खाडीला भरती असते. रोहेकरांनी कुंडलिकेच्या काठानं फेरी मारावी.

आणि वहीत काय लिहाल? तारीख, वेळ, झाड, खोपे किती, पुरे किती, अर्धे किती. खोपे झाडाच्या कोणत्या बाजूला आहेत तेही पाहा. बरेचदा ते पूर्वेला असतात. आपल्याकडे पावसाचा मारा कुठून येतो, ते आठवा, म्हणजे कारण तुमचं तुम्हालाच सापडेल!