कुत्रा, लांडगा आणि आपली मुले



कन्नड व सोयगाव तालुक्यांतील डोंगरकडेच्या भिल्ल आणि ठाकर वस्त्यांवर संध्याकाळ झाली की आया मुलांना लांडग्याची भीती घालून घरात बोलावतात. त्याच घराच्या उंबऱ्यावर चार कुत्री झोपलेली असतात आणि मुले त्यांच्या अंगावर लोळत असतात. धोक्याचा हिशेब मांडला तर चित्र उलटे दिसते. म्हणून या अंकात कुत्रा आणि त्याचे रानातले भाऊबंद यांच्याविषयी थोडी माहिती देत आहोत.

रानातले भाऊबंद

मराठवाड्याच्या माळरानावर लांडगा, कोल्हा आणि खोकड राहतात. कोळसून, म्हणजे रानकुत्रा, हा मेळघाट, ताडोबा आणि सह्याद्रीसारख्या दाट जंगलांतला प्राणी असून तो माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. कोल्हा आणि खोकड उंदीर, घुशी, बोरे, किडे खाऊन राहतात. कोंबडी किंवा लहान करडू मात्र सांभाळावे लागते.

लांडगा शेळ्यामेंढ्या नेतो आणि गरिबाच्या घरात एक शेळी गेली तरी ते मोठे नुकसान असते. माणसावर तो क्वचितच हल्ला करतो. तसे कधीच घडत नाही असे मात्र नाही. 2024 मध्ये उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत अनेक लहान मुले दगावली. म्हणून उघड्यावर झोपणाऱ्या कुटुंबांनी मुलांना मध्ये घेऊन झोपावे आणि शेळ्या रात्री कुडाच्या आत बांधाव्यात. लांडग्याला मारणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. जनावर गेले तर वनविभागाला लगेच कळवावे. पंचनामा झाला तर भरपाई मागता येते.

खरा धोका कोठे आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे रेबीजने मरतात. त्यांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मृत्यू भारतात होतात. माणसाला होणारा रेबीज शंभरातील नव्याण्णव वेळा कुत्र्यामुळे होतो आणि दगावणाऱ्यांत सुमारे 40 टक्के मुले पंधरा वर्षांखालची असतात. मूल कुत्र्याच्या उंचीचे असते, त्यामुळे चावा तोंडावर, मानेवर किंवा हातावर बसतो. शिवाय रागावतील या भीतीने मुले घरी सांगतही नाहीत.

रेबीजचे विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतात. जखमेतून ते नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातात. याला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभर, तर कधी वर्षही. जखम मेंदूच्या जितकी जवळ, तितका हा काळ कमी. पाण्याची भीती, घशात आचके अशी लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. मात्र त्याआधी योग्य उपचार झाले तर तो वाचतो. 1885 मध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस देऊन हे दाखवून दिले.

चावा झाल्यास

1. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. नळ नसेल तर कोणीतरी तांब्याने पाणी ओतत राहावे. साबणाने विषाणू मरतात, म्हणून ही पायरी कधीही चुकवू नये.
2. जखमेला मिरची, चुना, हळद किंवा तेल लावू नये. भगताकडे जायचे असेल तर आधी दवाखाना, मग बाकी सारे.
3. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. तेथे लस मोफत मिळते. आता पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत नाहीत. दंडात पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी लस देतात.
4. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोबुलिनही द्यावे लागते. जवळच्या केंद्रात ते नसेल तर शहरातील घाटी रुग्णालयात यावे.
5. गरोदर स्त्री आणि तान्हे बाळ यांनाही ही लस देता येते.
6. लांडगा किंवा कोल्हा चावला तरी हेच उपचार, तितक्याच तातडीने.

शेवटचा डोस

आपल्या वस्त्यांवर अडचण बहुधा येथे येते. पहिली सुई घेतली जाते, जखम भरते, दुखणे थांबते. मग एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी यांपुढे पुढची तारीख मागे पडते. दिवाळीच्या सुमारास कुटुंब ऊसतोडीला निघाले तर अठ्ठाविसावा दिवस कारखान्याच्या फडावर उजाडतो. अशा वेळी दवाखान्याचा कागद जपून सोबत न्यावा. उरलेले डोस तेथील सरकारी दवाखान्यातही घेता येतात.

कुत्र्यालाही लस

कुत्रा हा वस्तीचा राखणदार आहे. त्याला मारून प्रश्न सुटत नाही, कारण रिकाम्या जागी दुसरी, लस न घेतलेली कुत्री येतात. पिलाला तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी लस द्यावी. गोव्यात मोठ्या प्रमाणावर कुत्र्यांचे लसीकरण, शाळांतून शिक्षण आणि रोगावर पाळत अशी मोहीम चालली. 2013 ते 2019 या काळात तेथे कुत्र्यांतील रेबीज 92 टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. याचा लाभ रानालाही होतो. सोलापूरजवळच्या नान्नज येथील अभ्यासात खोकडांमध्येही कुत्र्यांच्या रोगांच्या खुणा आढळल्या आहेत.

मुलांना एवढे तरी शिकवावे: खाणाऱ्या किंवा पिलांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये. कुत्रा अंगावर आला तर पळू नये, स्तब्ध उभे राहावे. खाली पडल्यास अंग मुडपून मान व कान हातांनी झाकावेत. आणि ओरखडा जरी उठला तरी घरी सांगावे. सांगणाऱ्या मुलाला मोठ्यांनी रागावू नये.

28 सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास आपल्या मंडळीने एखाद्या वस्तीवर पशुवैद्यकांना सोबत घेऊन कुत्र्यांचे लसीकरण करावे. तेही जमले नाही, तर चावा झालेल्या एका मुलाच्या चारही फेऱ्यांचे गाडीभाडे द्यावे आणि तारखेच्या दिवशी कोणीतरी त्याच्यासोबत जावे.