पिशव्या कोण सांभाळणार?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. ते आज असते, तर त्यांनी या म्हणीला आणखी एक शेपूट खात्रीने जोडले असते : आणि तीन पिढ्यांची सहल पाहावी काढून! घराला निदान नकाशा असतो, लग्नाला मुहूर्त असतो. सहलीला यांपैकी काहीच नसते. असतात ती दहा माणसे आणि त्यांची अकरा मते. आजोबांना दुपारी तासभर पडायला हवे, आजीला संकष्टी सांभाळायची आहे, थोरल्या नातवाला सर्वांत उंच पाळण्यात बसायचे आहे आणि धाकट्या नातीला तो पाळणा पाहूनच रडू फुटते.

दिवाळीच्या सुटीत फराळाच्या ताटांभोवती सारे घर जमले, की हा विषय निघतोच. पूर्वी अशा वेळी महाबळेश्वर किंवा गणपतीपुळे यांची नावे पुढे येत. आता मुले एकमुखाने मागणी करतात ती थीम पार्कची. थीम पार्क म्हणजे नुसते पाळणे आणि घसरगुंड्या नव्हेत. निरनिराळ्या कथा-कल्पनांभोवती उभारलेली ती करमणुकीची एक नगरीच असते. मुलांचा हट्ट पुरवायला हरकत नाही. पण तिकिटे काढण्यापूर्वी घरातल्या कर्त्या माणसांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे, अशी माझी विनंती आहे. तो प्रश्न म्हणजे, तिथे गेल्यावर पिशव्या कोण सांभाळणार?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण अशा कोणत्याही ठिकाणी भर दुपारी बाकांवरून एक नजर फिरवून पाहा. प्रत्येक दुसऱ्या बाकावर एक आजी बसलेली दिसेल. भोवती सात पिशव्या, मांडीवर कुणाचा तरी स्वेटर, पायाशी तीन चपलांचे जोड आणि मुठीत कुणाचा तरी चष्मा. घरची मंडळी तासातासाने येतात, पाणी पितात, "आई, बरी आहेस ना?" असे विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या रांगेकडे पळतात. या माउलीला सहलीला आणले आहे, की राखणीला बसवले आहे?

बाकावरून सुटलेली कल्पना

गंमत अशी, की या आधुनिक नगरीचा जन्मच मुळी एका बाकावर झाला. वॉल्ट डिस्ने हे लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या दोन मुलींना घेऊन जात. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत आणि वडील बाकावर बसून शेंगदाणे खात. तेव्हा आपल्या मनात आले की, आईबाप आणि मुले दोघांनाही एकत्र मौज करता येईल अशी जागा का असू नये, असे डिस्ने यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. त्या विचारातूनच १७ जुलै १९५५ रोजी अनाहाइम येथे, जिथे पूर्वी संत्र्यांच्या बागा होत्या तिथे, डिस्नेलँड उघडले. त्याच्याही आधी, १८४३ मध्ये, कोपनहेगन शहरात टिवोली ही बाग सुरू झाली. ती आजही चालू आहे. तिथे पाळणे आहेत तसे संगीत आहे, फुलांचे ताटवे आहेत आणि निवांत बसून संध्याकाळ घालवण्याच्या जागाही आहेत.

आपल्याकडे ही कल्पना परकी होती असे मात्र समजू नये. आपली जत्रा आठवा. जत्रेत पोरांना पाळणा आणि पिपाणी, तरुणांना कुस्त्यांचा फड, सुनांना बांगड्यांची दुकाने आणि आजीला देवदर्शन, शिवाय माहेरच्या गावच्या चार बायका भेटण्याचा आनंद. सगळे घर एकाच मैदानात असे. पण प्रत्येक पिढीचे तिथे स्वतःचे काम असे. कुणी दुसऱ्याची मौज पाहायला येत नसे. जत्रेची ही शहाणी मांडणी आपण थीम पार्कात नेली, तर सहल साधलीच म्हणून समजा. तीन पिढ्यांनी सगळे एकत्र केलेच पाहिजे असे नाही; प्रत्येक पिढीला काहीतरी करायला मिळाले पाहिजे.

खोपोलीचे उदाहरण

मुंबई-पुण्याच्या वाचकांना जवळचे म्हणून खोपोलीच्या इमॅजिकाचेच उदाहरण घेऊ. आज जे आईबाप आहेत, त्यांतल्या कित्येकांनी लहानपणी होडीतून खाडी ओलांडून गोराईचे एस्सेल वर्ल्ड पाहिले असेल. १९८९ मध्ये सुरू झालेले ते उद्यान २०२२ मध्ये बंद झाले. इमॅजिका २०१३ च्या एप्रिलमध्ये उघडले. मुंबईहून ते सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आणि पुण्याहून त्याहून थोडे लांब, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. या रस्त्याच्या नावातच आजी-आजोबांची सोय दडलेली आहे. एका टोकाजवळ महडचा वरदविनायक आणि दुसऱ्या टोकाला पालीचा बल्लाळेश्वर, म्हणजे अष्टविनायकांपैकी दोघेजण इथेच. मात्र "जाता जाता दर्शन घेऊ" हा मोह आवरावा. सकाळचे पहिले दोन तास म्हणजे सबंध दिवसाचे लोणी. ते देवळाच्या रांगेत गेले तर मुले हिरमुसतात, आणि संध्याकाळी दर्शन ठेवले तर म्हाताऱ्या माणसांचे पाय उचलत नाहीत. जमल्यास एक रात्र परिसरात मुक्काम करावा आणि दुसरी सकाळ गणपतीला द्यावी. ती सकाळ आजी-आजोबांची. त्या दिवशी नातवंडांनी त्यांच्या चालीने चालावे.

दिवस निवडताना पंचांगापेक्षा शाळेचे वेळापत्रक पाहावे. शाळेला सुटी आहे पण कचेऱ्या चालू आहेत, असा मधला वार गाठावा. दिवाळीनंतरचा रविवार टाळावा. खोपोली सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने जून ते सप्टेंबर पाऊस नुसता कोसळतो आणि वादळ-विजांत उघड्यावरची यंत्रे थांबवावी लागतात. एप्रिल-मे मधले ऊन वृद्धांना आणि तान्ह्यांना सारखेच बाधते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सर्वांत सुखाचे.

आता उंचीविषयी. मोठ्या पाळण्यांना मुलाची किमान उंची ठरवून दिलेली असते आणि प्रवेशापाशी पट्टी लावलेली असते. ती मापे संकेतस्थळावर किंवा दूरध्वनीवर आधीच विचारून घ्यावी आणि घरच्या दाराच्या चौकटीशी मुलांना उभे करून मोजावे. जे रडे पडायचे ते घरी पडू द्यावे. तासभर रांगेत उभे राहून पट्टीपाशी परतवलेल्या मुलाची समजूत ब्रह्मदेवालाही काढता येत नाही.

वडील मंडळींच्या बाबतीत पट्टी नसते, म्हणून अधिक काळजी घ्यावी. इमॅजिकातला 'नायट्रो' हा रोलर कोस्टर सुमारे चाळीस मीटर उंच आहे आणि त्यात बसणाऱ्यांचे पाय अधांतरी लोंबतात. अशा गाडीच्या खोलगट वळणावर शरीरावरचा भार वजनाच्या तिप्पट-चौपट होऊ शकतो. साठ किलोच्या माणसाला क्षणभर आपण दोनशे किलोंचे झालो असे वाटते! तरुण मानेला ही गंमत वाटते; मणक्याचा किंवा हृदयाचा विकार असलेल्याला ती महागात पडू शकते. रक्तदाब, पाठदुखी, गर्भारपण यांविषयीच्या सूचना दारावर लिहिलेल्या असतात, त्या केवळ शोभेच्या नसतात.

म्हणून आजोबांनी बाकावरच बसावे का? मुळीच नाही. जत्रेची मांडणी इथे उपयोगी पडते. दुपारच्या उन्हात सावलीत बसून पाहायचे खेळ वडील मंडळींसाठी निवडून ठेवावेत. इमॅजिकात 'आय फॉर इंडिया' नावाचा खेळ आहे. त्यात खुर्चीत बसल्या बसल्या प्रचंड पडद्यावर सारा भारत जणू आकाशातून दिसतो. ज्यांना गुडघ्यांमुळे हिमालय दिसायचा राहून गेला, त्यांना तो असा भेटतो. एखाद्या खेळात खुर्ची किती हलते, हे दारावरच्या माणसाला आधी विचारून घ्यावे म्हणजे झाले.

चाकांच्या खुर्चीचे राजकारण

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या घरची दहा माणसे तिथे गेली होती. सासरे एकोणऐंशी वर्षांचे, सासूबाई त्र्याहत्तरच्या; आम्ही दोघे, दीर-जाऊ आणि चार ते पंधरा वयाची चार मुले. सासऱ्यांना चालवत नाही, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. फक्त त्यांना ते मान्य नव्हते. चाकांच्या खुर्चीचे नाव काढताच ते म्हणाले, "मी अजून पर्वतीला जाऊन आलेला माणूस आहे." कधी, ते मात्र त्यांनी सांगितले नाही.

माझ्या जाऊबाईंनी यावर जी युक्ती काढली, ती मी सर्व सुनांना सांगू इच्छिते. "नाना, खुर्ची तुमच्यासाठी नाहीच मुळी, पिशव्यांसाठी घेतोय. तुम्ही फक्त ती ढकला." सासरे खूश! हातात धरायला दांडी मिळाल्यामुळे त्यांचा तोल सावरला गेला आणि काठीचा कमीपणाही वाटला नाही. जेवणानंतर चार वर्षांची पुतणी म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही बसा, मी ढकलते." नातीचा शब्द कोण मोडणार? पिशव्या त्यांच्या मांडीवर गेल्या आणि थोरला नातू मागून हात लावून खुर्ची चालवू लागला. घरात पाच जणांनी महिनाभर समजावून जे झाले नसते, ते असे अर्ध्या मिनिटात झाले.

आमच्या सासूबाईंना मात्र त्या दिवशी पिशवी उचलू द्यायची नाही, असे आधीच ठरले होते. जड सामान सकाळीच भाड्याच्या कपाटात बंद केले आणि उरलेल्याची पाळी लावली. डिस्नेच्या उद्यानांत अशी सोय असते, की तान्ह्या मुलाला घेऊन एक पालक बाहेर थांबतो आणि दुसरा खेळून आला की पहिल्याला पुन्हा सगळी रांग न लावता आत सोडतात. ही सोय सगळीकडे असेल असे नाही. पण घरातल्या घरात पाळी लावायला कुणाची परवानगी लागते? आम्ही चौघा मोठ्यांनी ती लावली आणि सासूबाई नातवंडांबरोबर लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसून आल्या. "लहानपणी जत्रेत पैसे पुरले नाहीत म्हणून राहिले होते," असे उतरल्यावर त्या म्हणाल्या. तेवढेच. पण त्या वेळचा त्यांचा चेहरा मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता.

थोडे हिशेबाचे

दहा तिकिटांची रक्कम मध्यमवर्गीय घराला हलकी नसते, आणि दोन भावांच्या मिळकती सारख्या असतातच असे नाही. हा विषय संकोचाने टाळला, की तो नंतर स्वयंपाकघरात निघतो. म्हणून वर्गणी निघण्याआधीच ठरवावी. अधिक उचलू शकणाऱ्याने जेवणाचा किंवा गाडीचा खर्च न बोलता उचलावा. तिकिटे आधी काढावीत आणि ज्येष्ठांसाठी सवलत आहे का, ते विचारावे. आजोबांनी निवृत्तिवेतनातून नातवंडांना खाऊ द्यायचा म्हटला, तर तो जरूर घ्यावा. त्यांचाही हात देता राहिला पाहिजे.

जेवण साडेअकराला किंवा दोननंतर घ्यावे. एक वाजता सारी नगरीच जेवायला येते. बाहेरचे खाद्यपदार्थ सहसा आत नेऊ देत नाहीत. पण मधुमेही माणसासाठी किंवा तान्ह्यासाठी काय चालेल, ते आधी विचारून ठेवावे. औषधे मोठ्या पिशवीत नकोत, अंगावर असावीत. इन्शुलिन उन्हात ठेवू नये. लहानांच्या खिशात नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी घालावी. चुकामूक झाल्यास भेटायचा एक बाक सकाळीच सर्वांना दाखवून ठेवावा. आणि जो गाडी चालवणार आहे, त्याला दुपारी अर्धा तास झोपू द्यावे. घाटातली रात्र दमलेल्या माणसाची गय करत नाही.

शेवटी एक हिशेब सांगते, तो पैशांचा नाही. नातवंडांची उंची दर वर्षी चार-सहा सेंटिमीटरने वाढते आणि आजी-आजोबांचे चालणे दर वर्षी थोडे थोडे कमी होते. मुले मोठ्या पाळण्यात बसण्याइतकी उंच झाली आहेत, पण आईबापांबरोबर जायला अजून लाजत नाहीत, आणि आजी-आजोबा थकले आहेत, पण दार ओलांडून गाडीत बसण्याइतके खंबीर आहेत, असा काळ कोणत्याही घराला चार-पाच वर्षांपेक्षा जास्त लाभत नाही. एरवी आपली विखुरलेली घरे एकत्र येतात ती लग्नात किंवा तेराव्याला. तेव्हा फराळाचे डबे रिकामे होण्याआधीच भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढा आणि आजोबांच्या हातात पेन्सिल द्या. तारखेवर खूण त्यांनाच करू द्या.