कवडी : आतून आणि बाहेरून

आमच्या देव्हाऱ्यात तुळजाभवानीच्या परडीशेजारी कवड्यांची एक माळ आहे. आज्जी कुलाचाराच्या दिवशी ती गळ्यात घालायची. लहानपणी मला वाटायचं, कवडी म्हणजे चिंचोक्यासारखं कुठल्या तरी झाडाचं बी असणार. ती एका गोगलगायीची पाठ आहे, हे कळलं अकरावीत, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात. बरणीवरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं : सायप्रिया मोनेटा. लिनियसनं 1758 साली दिलेलं हे नाव. आता शास्त्रज्ञ तिला मोनेटारिया मोनेटा म्हणतात. दोन्ही नावांत पैसा आहेच.

ही समुद्री गोगलगाय दोन-तीन सेंटिमीटरची. प्रवाळाच्या उथळ पाण्यात दिवसा दगडाखाली दडून बसते, रात्री बाहेर पडून शेवाळ खाते. लहान असताना तिचा शंख इतर गोगलगायींसारखाच पातळ आणि पिळाचा असतो. वयात येताना शेवटचा वेढा आधीच्या सगळ्या पिळाला पोटात घेतो, कड आत वळते आणि फटीच्या दोन्ही बाजूंना दात येतात. त्यानंतर कवडी लांबीनं वाढत नाही, नुसती जाड होत जाते.

आणि ती चकाकी? बाकीचे शंख लाटांनी, वाळूनं खरबरीत होतात. कवडी मात्र पॉलिश केल्यासारखी. कारण जिवंतपणी तिच्या अंगाचे दोन मऊ पदर फटीतून बाहेर येऊन शंखाला दोन्ही बाजूंनी झाकतात आणि वरून थरावर थर चढवतात. म्हणजे इथे घर प्राण्याच्या अंगावर आहे आणि प्राणी घराच्या अंगावरही आहे. हात लावला की पदर आत. आपल्याला दिसते ती नुसती खोळ.

लहान, टणक, मोजायला सोपी आणि नकली करायला अवघड. नाण्याला आणखी काय लागतं? भास्कराचार्यांची 'लीलावती' (1150) सुरू होते तीच अशा कोष्टकानं : वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला 1280 कवड्या.

हा माल यायचा मुख्यतः मालदीवहून. तिथले लोक नारळाच्या झावळ्या उथळ पाण्यात सोडायचे, गोगलगायी त्यांना चिकटायच्या. मग त्यांना खड्ड्यात पुरायचं, मांस कुजून गेलं की धुऊन घ्यायचं. चौदाव्या शतकात मालदीवात काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूतानं हे लिहून ठेवलंय. बंगालचे लोक तांदूळ देऊन कवड्या नेत, हेही. अठराव्या शतकाच्या शेवटी सिल्हटचा सारा कवड्यांत जमा व्हायचा. रुपयाला 5,120 कवड्या! साहेबाला कोठारं बांधावी लागली आणि होड्यांचा ताफा ठेवावा लागला. ओडिशात कंपनीनं सारा चांदीतच मागितला, तेव्हा ज्याच्याकडे फक्त कवड्या त्याची जमीन हातची गेली. 1817 च्या पाईकांच्या उठावामागे हेही एक कारण होतं.

इथपर्यंत मला हे सगळं गमतीदार वाटत होतं. पुढचं वाचलं आणि माळ हातात घेताना जरा थांबायला झालं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणि नंतर डच-इंग्रजांनी याच कवड्या जहाजाच्या तळाशी वजन म्हणून भरून युरोपात नेल्या. तिथून त्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेल्या. तिथे कवडी हे चलन होतं, आणि त्या चलनात माणसं विकत मिळत होती. गुलाम म्हणून जहाजात कोंबलेल्या कित्येकांची किंमत हिंदी महासागरातल्या या गोगलगायीत मोजली गेली. आपण 'कवडीमोल' म्हणतो तेव्हा वस्तू स्वस्त होती असं सांगतो. तिकडे तो हिशेब माणसाचा होता. एकोणिसाव्या शतकात झांझिबारकडची दुसऱ्या जातीची कवडी जहाजं भरभरून आली आणि भाव कोसळला. घानाच्या आजच्या चलनाचं नाव 'सेडी' आहे. कवडीच्या तिथल्या नावावरून आलेलं.

आपल्या बोलीत मात्र कवडी अजून चालते : कवडीचुंबक, कवडीसारखं घट्ट दही, 'फुटकी कवडीही देणार नाही'. या शेवटच्याची गंमत बघा. परवा आज्जीची माळ उलटी केली, तर दोऱ्यात ओवता यावी म्हणून प्रत्येक कवडीची पाठ फोडलेली. सगळ्या फुटक्याच! आज्जीला सांगितलं, तर ती म्हणाली, "देवीला चालतात. तू मोजून ठेव, एक जरी हरवली तर बघ."

मोजल्या. एक्काहत्तर भरल्या. भास्कराचार्यांच्या भावानं तीन काकिणी आणि वर अकरा कवड्या.