धर्म सुटला, नाती कशी राखायची?

आज ज्या बायकांविषयी आम्ही बोलणार आहोत, त्यांच्या घरी चहा होत नाही. कॉफी नाही, दारू नाही, तंबाखू तर नाहीच. पाहुणा आला की पाणी, दूध नाहीतर सरबत मिळतं. पाहुणचारात मात्र कसूर नसते. ही घरं अमेरिकेतल्या युटा राज्यातली आणि तिच्या आसपासची, मॉर्मन पंथाची. या घरांत मुली कशा वाढतात, आणि त्यांतल्या काही जणी मोठेपणी पंथ सोडतात तेव्हा त्यांचं काय होतं, ते आज समजून घेऊ.

हा विषय आम्ही का घेतला? घरातल्या लेकीचा किंवा लेकाचा घरच्या धर्मावरचा विश्वास उडाला, तर आईबापांनी काय करायचं, हा प्रश्न कुठल्याही घरात उभा राहू शकतो. युटाच्या बायकांनी याविषयी मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी थोडा इतिहास सांगतो. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. आपल्याला देवदूताने सोन्याचे पत्रे दाखवले आणि त्यावरचा मजकूर आपण भाषांतरित केला, असं त्याचं सांगणं. त्या ग्रंथाचं नाव ‘बुक ऑफ मॉर्मन’. त्यावरून लोक त्यांना मॉर्मन म्हणू लागले. पंथाचं खरं नाव लांबलचक आहे : चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. आम्हाला पूर्ण नावानेच ओळखा, असं त्यांच्या प्रमुखांनी २०१८ साली सांगितलं. आम्ही मात्र बोलण्याच्या सोयीसाठी रूढ नाव वापरतो आहोत.

शेजाऱ्यांशी या लोकांचे सतत खटके उडत. १८४४ साली जमावाने स्मिथला तुरुंगातच ठार केलं. मग ब्रिगहॅम यंग यांच्या मागोमाग हे लोक बैलगाड्यांतून पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ साली सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. नंतर आलेल्यांपैकी काही कुटुंबं तर हातगाड्या ओढत, पायी आली. वाटेत माणसं दगावली, लेकरं दगावली. आपली खापरपणजी ही वाट तुडवत आली, हे तिथल्या मुली लहानपणापासून ऐकतात. त्यामुळे पंथ सोडायचा म्हटलं की नुसता देव सोडल्यासारखं होत नाही. त्या पणजीचे कष्ट वाया घालवल्यासारखं वाटतं.

आता तिथलं बालपण पाहू. आठव्या वर्षी मुलामुलीचा बाप्तिस्मा होतो, सगळं अंग पाण्यात बुडवून. रविवारी सगळं घर चर्चमध्ये. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडायचं आणि त्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी द्यायचे. त्या दिवशी सभेत कुणीही उठून आपली श्रद्धा सांगायची. चार-पाच वर्षांची पोरं माईकपाशी जातात, आणि आई कानात सांगते तसं म्हणतात, ‘हे चर्च खरं आहे, मला माहीत आहे.’ ‘मला वाटतं’ असं म्हणत नाहीत, ‘मला माहीत आहे’ असंच म्हणतात. पंथ सोडलेल्या पुष्कळ जणींना हे वाक्य आठवतं, कारण पुढे शंका आली तेव्हा ती बोलून दाखवायला शब्दच नव्हते.

सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखलेली. गाणी, गोष्टी, खेळ, खाऊ. कमाईचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. गावातल्या चर्चचा प्रमुख, म्हणजे बिशप, हा पगारी धर्मगुरू नसतो. तो दुकानदार असेल, दातांचा डॉक्टर असेल, शिक्षक असेल. काही वर्षं तो हे काम विनामोबदला करतो. बायकांनाही कामं वाटून दिलेली असतात. १८४२ साली सुरू झालेली ‘रिलीफ सोसायटी’ ही त्यांची स्त्रियांची संस्था जगातल्या सर्वांत जुन्या स्त्री-संस्थांत मोडते. कुणी बाळंत झाली, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाच्या घरी मयत झालं की दारात डबे येऊ लागतात. कुणाच्या घरी कोणत्या दिवशी कुणी जेवण न्यायचं, याची यादीच होते. मैत्रिणींनो, हे मुद्दाम सांगतो आहोत. पंथ सोडणाऱ्या बाईचं नुकसान किती मोठं असतं, हे या डब्यांशिवाय कळायचं नाही.

मग अडचण कुठे येते? पहिली अडचण अधिकाराची. साधारण बाराव्या वर्षी मुलग्यांना पुरोहितपदाची पहिली पायरी मिळते. मुलींना ते पद कधीच मिळत नाही. बारा वर्षांचा भाऊ सभेत प्रसादाचा पाव आणि पाणी वाटतो, आणि ज्या आईने त्याला वाढवलं, तिला ते काम करता येत नाही. गंमत अशी की याच युटाच्या बायकांना १८७० साली मताचा हक्क मिळाला होता, देशातल्या बहुतेक बायकांच्या कितीतरी आधी. बहुपत्नीत्व मोडून काढण्याच्या नादात अमेरिकेच्या संसदेने १८८७ साली तो हक्क काढून घेतला, आणि १८९६ साली तो परत मिळाला. त्याच वर्षी डॉक्टर मार्था ह्यूज कॅनन युटाच्या सिनेटवर निवडून आल्या. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या सिनेटमधल्या त्या पहिल्या स्त्री. त्या आपल्या नवऱ्याची चौथी बायको होत्या. विरुद्ध पक्षाच्या उमेदवारांत त्यांचा नवराही होता. त्या जिंकल्या आणि तो हरला!

दुसरी अडचण इतिहासाची. पंथात एके काळी बहुपत्नीत्व होतं आणि १८९० साली ते सोडण्याचं जाहीर झालं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण खुद्द जोसेफ स्मिथच्या अनेक बायका होत्या, त्यांतली एक पंधरा वर्षांचीही नव्हती, हे बऱ्याच घरांत कुणी सांगितलंच नव्हतं. २०१४ साली चर्चनेच लेख प्रसिद्ध करून ते मान्य केलं. अनेकींना धक्का बसला तो नुसता त्या गोष्टीचा नव्हे, ती आपल्याला इतकी वर्षं कळू दिली नाही याचा. काही जणींची मुलं समलिंगी असतात. अशा जोडप्यांबद्दलचे चर्चचे नियम आणि आपलं लेकरू, यांत त्यांना निवड करावी लागते. प्रत्येकीचं कारण वेगळं असतं, आणि बहुतेकींनी लिहिलंय की हे एका रात्रीत झालं नाही, वर्षानुवर्षं आत काहीतरी कुरतडत होतं.

तिसरी अडचण सर्वांत अवघड. आपल्याकडे सात जन्मांच्या गाठी म्हणतात. मॉर्मन मंदिरात लग्न लागतं ते अनंतकाळासाठी, आणि त्या गाठीत लेकरंही बांधली जातात. मेल्यावरही आपलं कुटुंब एकत्र राहील, अशी ती श्रद्धा. पण त्यासाठी प्रत्येकाने आपली वचनं पाळायला हवीत. मग लेक म्हणाली की माझा विश्वास राहिला नाही, तर आईला काय ऐकू येतं? ‘आई, मरणानंतर मी तुझ्यासोबत नसेन.’ लेक बोलते स्वतःच्या मनाविषयी, आणि आईला तो कायमचा विरह वाटतो. दोघीही खरं बोलत असतात, आणि दोघींच्याही काळजाला घरं पडतात.

मंदिरात जायला बिशपची परवानगीची चिठ्ठी लागते. त्यासाठी मुलाखत होते : श्रद्धा आहे का, दहावा हिस्सा देतेस का, चहा-कॉफी पाळतेस का. चिठ्ठी नसेल तर आत प्रवेश नाही. त्यामुळे पंथ सोडलेली आई स्वतःच्या मुलीच्या लग्नाला बाहेरच्या बागेत बसून राहते. आधी साधं लग्न सर्वांसमोर लावलं, तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागे. अमेरिकेत ही अट २०१९ साली काढली. आता दोन्ही जवळपास करता येतं, आणि पुष्कळ आयांचे अश्रू वाचले.

पंथाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीचा पेच निराळा. तिथे राहायला धर्मप्रमुखाची शिफारस लागते. तिने चर्चमधून नाव काढून घेतलं तर शिक्षण अर्धवट सोडायची वेळ येते. म्हणून किती तरी मुली पदवी हातात पडेपर्यंत गप्प राहतात.

काही बायकांना काढूनही टाकलं जातं. सोनिया जॉन्सन ही चार मुलांची आई. स्त्री-पुरुष समान हक्कांची दुरुस्ती अमेरिकेच्या राज्यघटनेत व्हावी, म्हणून ती उघडपणे लढली. चर्चचा त्या दुरुस्तीला विरोध होता. डिसेंबर १९७९ मध्ये तिला बहिष्कृत केलं. मत वेगळं म्हणून नव्हे, तर चर्चच्या कामाला बाधा आणली म्हणून, असं चर्चचं म्हणणं होतं. ती परत गेली नाही.

लव्हिना फील्डिंग अँडरसन यांची गोष्ट याहून वेगळी. या विदुषीने चर्चने आपल्याच अभ्यासकांना कसं वागवलं याची तारीखवार नोंद छापली, आणि सप्टेंबर १९९३ मध्ये त्यांना काढण्यात आलं. त्यांनी काय केलं असेल? पुढच्याही रविवारी त्या आपल्या चर्चमध्ये जाऊन बसल्या. त्याच्या पुढच्याही. प्रसादाचा पाव घेता येत नव्हता, तरी जात राहिल्या, तीसएक वर्षं. २०१९ साली त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा मागितला. गावच्या प्रमुखांची संमती होती, वरून नकार आला. २०२३ साली त्या वारल्या. कागदावरून नाव गेलं, पण शेजारीपाजारी आणि स्वतःची श्रद्धा त्यांनी सोडली नाही.

आणि काही जणी काहीच बोलत नाहीत. लेखिका टेरी टेम्पेस्ट विल्यम्स यांनी आपल्या आईविषयी लिहिलंय. मॉर्मन बायकांनी रोजनिशी लिहावी अशी रीत आहे. आईने मरण्यापूर्वी सांगितलं, माझ्या वह्या तुझ्यासाठी ठेवल्या आहेत, मी गेल्यावर उघड. लेकीने तीन फळ्या भरून ओळीने मांडलेल्या वह्या उघडल्या. सगळ्या कोऱ्या होत्या. आईला काय म्हणायचं होतं, हे लेक आजवर शोधते आहे.

पंथातून बाहेर पडलेल्या बाईला सुरुवातीला लहानसहान गोष्टीच अडतात. मंदिरात वचन घेतलेल्यांनी रोज विशिष्ट आतले कपडे घालायचे असतात. ते सोडल्यावर पस्तीस-चाळिशीची बाई दुकानात उभी राहते, आणि आपल्याला काय आवडतं हेच तिला सुचत नाही. कॉफीचा पहिला घोट घेताना हात थरथरतो. रविवार अंगावर येतो. मुलं विचारतात, आता आपण कोण? कुणी तिला वाळीत टाकलेलं नसतं, तसा नियमही नाही. पण फोन कमी होतात. काही शेजारणी डबा घेऊन येतात त्या तिला परत वळवायला, आणि काही नुसत्या डबा घेऊन येतात. हा फरक बाईला दारातच कळतो.

आम्ही इथे कुठल्या पंथाला नावं ठेवायला बसलेलो नाही. याच पंथात लाखो बायका समाधानाने नांदतात, आणि सोडून गेलेल्यांपैकी काही परतही येतात. १९९३ साली काढलेल्या मॅक्सीन हँक्स २०१२ साली पुन्हा बाप्तिस्मा घेऊन आल्या. यावं की जावं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आमचं सांगणं एवढंच, की या गोष्टींत नाती टिकली ती वाद जिंकून टिकली नाहीत. आईने लेकीला पुन्हा विश्वास ठेवायला लावलं नाही, आणि लेकीने आईचा विश्वास खोटा पाडला नाही, तिथे ती टिकली. आई उपास धरते, लेक त्या दिवशी जेवते, आणि दोघी एकाच टेबलाशी बसतात. लेक आईच्या घरी कॉफी मागत नाही, आई लेकीच्या घरी तिच्या डब्यातली कॉफी मोजत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरात कधी कुणी म्हणालं की मला हे पटत नाही, तर लगेच उत्तर द्यायची घाई करू नका. ती हे बोलायला किती महिने धीर गोळा करत होती, ते आधी विचारा. रागावलात तरी हरकत नाही, रडू आलं तरी चालेल. पण ताट मांडा. वाद उद्याही घालता येईल.