संत्र्याची परीक्षा, पण कोणत्या यंत्राने?

वरुड, मोर्शी, अचलपूरपासून अकोटपर्यंतच्या बागांतला आंबिया बहार तोडणीला आला की संत्र्याचे ट्रक बांगलादेशाकडे निघतात. पश्चिम बंगालमधील पेट्रापोल हा आपल्याकडचा शेवटचा नाका; पलीकडे बेनापोल. वाढत गेलेल्या आयात शुल्काने ही निर्यात रोडावली, हे वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे. फळ खाण्यास सुरक्षित आहे का, या दुसऱ्या परीक्षेची चर्चा मात्र कमी होते.

मालासोबत जाणारे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र फळात कीड वा रोग नाही एवढेच सांगते. माणसाच्या आरोग्यासाठीची तपासणी वेगळी. बांगलादेशात बरीच वर्षे या तपासणीचा सगळा भर फॉर्मलिनवर होता. २०१४ च्या उन्हाळ्यात ढाक्याच्या वेशीवर पोलिसांनी नाके लावले आणि यंत्राने फॉर्मलिन दाखवले म्हणून आंब्यांचे साठे नष्ट केले. ते यंत्र हवेतील फॉर्मल्डिहाइड मोजण्यासाठी बनवलेले होते. फळांसाठी ते योग्य नसल्याचे नंतर तपासणीतच स्पष्ट झाले.

मुळात फॉर्मल्डिहाइड फळात निसर्गतःच तयार होते. पेअरसारख्या फळात ते किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत आढळते. शिवाय फॉर्मलिन प्रथिनांना घट्ट बांधते, म्हणून प्रयोगशाळेतले प्राण्यांचे नमुने त्यात टिकतात. फळात प्रथिने अगदी थोडी. त्यामुळे फॉर्मलिनने संत्रे टिकत नाही. बांगलादेशच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही पुढे हेच सांगितले.

खरी काळजी कीटकनाशकांच्या अंशांची. झटपट चाचणीत एका विकराचे काम किती मंदावते ते पाहतात. पण त्यातून प्रामुख्याने ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट हे दोनच गट सापडतात. बाकीच्यांसाठी सुसज्ज प्रयोगशाळा आणि वेळ लागतो. नेपाळने २०१९ मध्ये भारतीय भाजीपाला व फळांना कीटकनाशक चाचणी सक्तीची केली. सीमेवर पुरेशा प्रयोगशाळा नव्हत्या. ट्रक अडकले आणि काही आठवड्यांत सरकारने निर्णय मागे घेतला. तपासायला हवे ते नेपाळने नेमके ओळखले होते, तपासण्याची सोय मात्र नव्हती. बांगलादेशात यंत्र हाताशी होते, पण चुकीचे. दोन्हीकडे नुकसान झाले ते शेतकऱ्याचे आणि ग्राहकाचेही. कारण नासणारा माल निकालासाठी थांबत नाही.

म्हणून तपासणी बागेजवळ, माल निघण्यापूर्वीच होणे सोयीचे. बागायतदाराच्या हाती असलेला सर्वात स्वस्त उपाय म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांत डब्यावर लिहिलेले दिवस पाळणे. घरी संत्रे सोलण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे, म्हणजे सालीवरचे अंश हाताला लागून फोडींवर जात नाहीत. चकाकी पाहून घाबरू नये; मधमाशीच्या किंवा कार्नोबा मेणाच्या लेपाला आपल्या कायद्यात परवानगी आहे. मऊ पडलेले, हिरवट बुरशी धरलेले फळ मात्र सरळ टाकून द्यावे.