नाण्यावरचा पिंगळा

आम्ही हिशेबातली माणसे. बी.कॉम. झालो, कारकुनीला चिकटलो आणि तेव्हापासून कुठल्याही गोष्टीची आधी किंमत विचारायची सवय लागली. इंग्लंडात नर्स असलेल्या आमच्या भाचीचा फोन आला, "जयभीम मामा, पोरीच्या शाळेची सहल ग्रीसला चाललीय, पाठवू का?" आम्ही आकडा विचारला आणि म्हणालो, "पडके दगड बघायला एवढे पैसे? त्यात पुस्तकांचं कपाट भरेल." भाची गप्प राहिली. मग तिने जादा रात्रपाळ्या केल्या, हप्त्याहप्त्याने पैसे भरले आणि एप्रिलात तेरा वर्षांची पोर ग्रीस पाहून आली.

डिसेंबरात मायलेकी इकडे आल्या. पोरीजवळ एक वही होती. वाटले, राजांची नावे आणि सनावळ्या असतील. त्या होत्याच, पण निम्म्याहून जास्त वही पक्ष्यांनी भरलेली! आईच्या दवाखान्यातल्या कुणी आजीबाईंनी तिला जुनी दुर्बीण दिली होती, तिचा हा प्रताप.

अथेन्सच्या अॅक्रोपोलिस टेकडीवर पार्थेनॉन हे संगमरवरी देऊळ आहे. इ.स.पू. ४४७ मध्ये ते बांधायला घेतले. बाकीची मुले खांबांपुढे उभी राहून फोटो काढत होती. आमची पोर मान वर करून पांढऱ्या पोटाच्या पाकोळ्या मोजत होती. तिथला कावळासुद्धा वेगळा, अंग राखाडी आणि डोके, पंख, शेपटी काळी, जणू कुणी जाकीट घातले आहे.

त्याच टेकडीच्या पायथ्याशी उघडे नाट्यगृह आहे. इ.स.पू. ४१४ मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत अॅरिस्टोफेनिसचे 'पक्षी' हे नाटक झाले आणि त्याला दुसरे बक्षीस मिळाले. गोष्ट मोठी गमतीची आहे. कोर्टकचेऱ्यांना कंटाळलेले दोन नागरिक शहर सोडून हुदहुद पक्ष्याकडे जातात. पक्षी आकाश आणि धरती यांच्यामध्ये आपले नगर बांधतात. त्यामुळे खालच्या होमहवनाचा धूर वर पोचेना आणि देव उपाशी राहू लागले! देवांची वसुली बंद पाडणारे नाटक अडीच हजार वर्षांपूर्वी भर उत्सवात होत होते, हे वाचून आम्हाला त्या लोकांचे कौतुक वाटले.

पण तेच लोक पक्ष्यांवरून शकुनही पाहत. ग्रीक भाषेत पक्षी आणि शकुन यांना एकच शब्द होता. डेल्फी या डोंगरातल्या ठिकाणी तर भविष्य सांगण्याचे मोठे पीठच होते. दंतकथा अशी, की देवांच्या राजाने पृथ्वीच्या दोन टोकांकडून दोन गरुड सोडले, ते डेल्फीला भेटले म्हणून ती पृथ्वीची नाभी.

या डेल्फीतच पोरीची फजिती झाली. सगळे वरच्या नाट्यगृहाकडे निघाले असता तिला खडकातून शिट्टीसारखा खणखणीत आवाज आला. पाहते तो राखाडी पाठीचा, डोळ्यावर काळी रेघ असलेला चिमणीएवढा पक्षी उभ्या कातळावरून उलटासुलटा धावत होता. कातळाला त्याचे चिखलाचे घरटे लिंपलेले, तोंड मडक्याच्या नळीसारखे बाहेर आलेले. ती पाहत राहिली आणि घोळका पुढे गेला. मुलगी हरवली म्हणून बाईंच्या तोंडचे पाणी पळाले. सापडल्यावर सगळ्यांदेखत बोलणी बसली आणि दुर्बीण जप्त झाली. बाईंचे तरी काय चुकले? दुसऱ्याची लेकरे परदेशात सांभाळायची म्हणजे चेष्टा नाही.

दुसऱ्या दिवशी मायसीनीला दुर्बीण नव्हती. मायसीनीचा सिंहद्वार असलेला कोट सव्वातीन हजार वर्षांचा. पोर तिथे नुसत्या कानांनी पक्षी शोधत बसली आणि तोच खणखणीत आवाज तिला पुन्हा ओळखता आला. तिने हळूच बाईंना बोट करून दाखवले. बाईंनी पाहिले, काही बोलल्या नाहीत. दुर्बीण मात्र संध्याकाळी परत मिळाली.

एका रविवारी आम्ही मायलेकींना कार्ल्याला नेले. तिथल्या चैत्यगृहातील काही खांबांवर ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे, की हा खांब धेनुकाकटच्या अमुक यवनाचे दान. यवन हा शब्द मुळात ग्रीकांसाठीचा. हे आम्ही मोठ्या रुबाबात सांगत होतो, पण पोरीचे लक्ष बाहेर. कातळावर निळसर काळा पक्षी एकटाच बसला होता. "मामाआजोबा, हा मी डेल्फीला पाहिलाय!" जात तीच. तिथले तिथेच राहतात आणि आपल्याकडचे थंडीत हिमालयाकडून येतात. आम्ही कार्ल्याला किती वेळा गेलो असू, पण हा पक्षी कधी दिसला नव्हता. दिसला नव्हता म्हणजे पाहिला नव्हता.

खरी कसोटी चाळीत लागली. मागच्या झाडाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी आहे. पावसाळ्यात शेजारचे एक म्हातारबाबा वारले आणि पिंगळ्याच्या ओरडण्यावर खापर फुटले. फांदीच तोडा म्हणून काही घरे हटून बसली. घराघरात बाबासाहेबांचा फोटो, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, आणि भीती पिंगळ्याची! आम्ही दोनदा सभेत बोललो. लोकांनी ऐकून घेतले आणि कोयता उसना आणण्याची गोष्ट काढली.

पोरीने पाकिटातून ग्रीसचा एक युरो काढला. त्यावर पिंगळ्याचाच भाऊबंद आहे. अथेन्सवाल्यांनी आपल्या चांदीच्या नाण्यावर घुबड कोरले होते, कारण त्यांच्या लेखी ते शहाणपणाच्या देवतेचे पाखरू. २००२ साली युरो आला, तेव्हा ग्रीसने त्याच जुन्या नाण्याचे चित्र घेतले. दोन्हीकडची ही छोटी घुबडे शास्त्रज्ञांच्या लेखी एकाच वंशातली, आणि त्या वंशाचे नावही अथीनी. पोर मोडक्या मराठीत सांगत होती, की हे उंदीर खाते, किडे खाते, तुमचे नाव त्याला माहीतसुद्धा नाही.

नाणे हातोहात फिरले. फांदीसाठी सगळ्यांत हटून बसलेल्या काकूंनी ते उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, "याचे आपले रुपये किती?"

पोरीने ते काकूंनाच देऊन टाकले. फांदीचा विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे. काल रात्री साडेआठला दोन्ही पिंगळे तारेवर बसलेले होते.